'टाइम'चे इतके अर्थ स्पॅनिश बोलणाऱ्यांना कसे समजावायचे?

एडिसनवाली

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. इथून जवळच पर्थ अँबॉय म्हणून गाव आहे. तिथली बहुतेक वस्ती स्पॅनिश बोलणारी आहे, डोमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको, मेक्सिको, ग्वातेमाला अशा ठिकाणांहून आलेली. तिथे मोठ्या माणसांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा मोफत वर्ग भरतो, त्यात मी आठवड्यातून एकदा शिकवते. माझं स्पॅनिश कामापुरतं आहे. माणसं दिवसभर राबून, डबा गाडीतच खाऊन वर्गाला येतात, त्यामुळे त्यांचा इथला एकही तास वाया जाऊ नये असं फार वाटतं.

सध्या घोडं अडलंय ते 'टाइम' या साध्या शब्दापाशी. वर्गात कानावर पडलेली ही वाक्यं बघा. 'व्हॉट अवर इज इट?' म्हणजे किती वाजले. 'द टाइम इज व्हेरी अग्ली टुडे' म्हणजे आज हवा फार खराब आहे. 'आय हॅव मच टाइम इन न्यू जर्सी' म्हणजे मी न्यू जर्सीत बरीच वर्षं राहतोय. मला समजतं, कारण मागचं स्पॅनिश ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला कसं समजणार?

गेल्या आठवड्यात जे झालं त्यामुळे इथे लिहायला बसले. वर्गात एक डोमिनिकन आजी येतात. दाढ ठणकत होती म्हणून त्यांनी दातांच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडची बाई भराभर बोलली, आजींना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, 'अनदर टाइम, प्लीज.' त्यांना म्हणायचं होतं, पुन्हा एकदा सांगता का. पलीकडे अर्थ लागला की यांना आजची वेळ नको, नंतर कधीतरी यायचंय. तीन आठवड्यांनंतरची तारीख देऊन फोन ठेवला गेला. आजी वर्गात गालावर हात धरून बसल्या होत्या. मी लगेच फोन करून वेळ बदलून घेतली, पण प्रत्येक फोनला मी थोडीच असणार आहे?

शब्दकोशात 'टाइम'खाली रकानेच्या रकाने भरलेत. सुरुवात कुठून करू? स्पॅनिश किंवा इंग्रजी शिकवणारं इथे कोणी असेल तर कृपया सांगा.

कोथरूड_डेपो

मी स्पॅनिशवाला नाही, जर्मन शिकलोय. तिथेही असाच तिढा आहे. वेळ 'त्साइट', किती वाजले याला 'ऊर' आणि तीन वेळा म्हणताना 'माल'. आमच्या बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखून प्रत्येकात वाक्यं भरून घेतली होती. तुम्हीही 'तिएम्पो', 'ओरा', 'वेस' असे तीन रकाने करा आणि वर मोठ्या अक्षरांत 'टाइम' लिहा. एका दमात सगळं दिसेल.

प्रोफेसोरा

एडिसनवाली ताई, मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवलं. नंतर मेक्सिको आणि कोलंबियाहून प्रशिक्षणाला येणाऱ्या इंजिनिअरांना इंग्रजी शिकवलं. त्यामुळे हा शब्द मी दोन्ही काठांवरून पाहिलाय. जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्याच भाषेकडे बघा, कारण इथे मराठी माणसाचा हात वरचा आहे. 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ आली'. एका वाक्यात वेळ पुल्लिंगी, दुसऱ्यात स्त्रीलिंगी, आणि अर्थात केवढं अंतर! 'जेवायला वेळ नाही' म्हणजे सवड नाही. 'ही जेवायची वेळ नाही' म्हणजे घड्याळाप्रमाणे आत्ता जेवण होत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'नो तेंगो तिएम्पो पारा कोमेर' आणि दुसऱ्याला 'नो एस ओरा दे कोमेर'. तो वेळ म्हणजे तिएम्पो, ती वेळ म्हणजे ओरा. आणि मोजता येते ती वेळ, म्हणजे पहिली वेळ, दर वेळी, तीन वेळा, ती तिसरी, वेस. या तिघी आपल्या कानात जन्मापासून वेगळ्या आहेत. तुमच्या शेजारच्या वर्गातल्या अमेरिकन शिक्षकाला त्या मुद्दाम शिकाव्या लागतात. म्हणून तुमच्या आजींना नेमकं काय म्हणायचंय हे तुम्हाला त्याच्याआधी कळतं.

कोथरूड_डेपो, तुमचा तक्ता स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलाला छान लागू पडतो, मीही तो वापरलाय. पण ताईंचे विद्यार्थी उलट्या दिशेने चाललेत. तिएम्पो, ओरा, वेस वेगळे आहेत हे त्यांना कोणी सांगायची गरज नाही. अडचण अशी की तिन्हींना 'टाइम' हे उत्तर एकदा पाठ झालं की 'ओत्रा वेस'चं ते सरळ 'अनदर टाइम' करतात. आजींचं हेच झालं. तक्त्याने हा घोळ वाढेल.

मी सुरुवात 'वेस'पासून करते, आणि तीही 'टाइम' हा शब्द फळ्यावर न लिहिता. कारण 'वेस' असलेल्या बहुतेक बोलण्यात इंग्रजीत 'टाइम' येतच नाही. 'ओत्रा वेस' म्हणजे 'अगेन'. 'उना वेस' म्हणजे 'वन्स', 'दोस वेसेस' म्हणजे 'ट्वाइस'. 'आ वेसेस' म्हणजे 'समटाइम्स', तिथे तो शब्दाच्या पोटात दडलाय. 'आलगुना वेस' प्रश्नात आलं की 'एव्हर'. 'ताल वेस' म्हणजे 'मेबी'. 'एन वेस दे' म्हणजे 'इन्स्टेड ऑफ'. 'कादा वेस मास' म्हणजे 'मोर अँड मोर', याचं विद्यार्थी हमखास 'ईच टाइम मोर' करतात. इतक्या सगळ्यांतून उघडा 'टाइम' उरतो तो 'फर्स्ट टाइम', 'लास्ट टाइम' अशा ठिकाणी आणि तीनपासून पुढच्या मोजणीत. हे फळ्यावर एकामागून एक आलं की वर्गाच्या चेहऱ्यावर सुटका दिसते, कारण आपण जे सतत चुकतोय त्यामागे एकच कारण आहे हे त्यांना उमगतं.

आजींना पहिलं वाक्य हे द्या: 'कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?' ते तोंडात बसेपर्यंत म्हणून घ्या, समोरासमोर नको, एकमेकांकडे पाठ करून बसवा, म्हणजे फोनवर बोलल्यासारखं होईल. त्याला जोडून 'मोअर स्लोली, प्लीज'. आणि 'अनदर टाइम'चा खरा अर्थही त्यांना सांगा. कोणी चहाला बोलावलं आणि जमत नसलं तर गोड शब्दांत नाही म्हणायला तो वापरतात. आपण नाही का म्हणत, 'पुन्हा कधीतरी येईन'? हे कळलं की दवाखान्यातली बाई मुद्दाम वाईट वागली नव्हती हेही त्यांच्या ध्यानात येईल, आणि पुढच्या फोनची भीती कमी होईल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. 'वन्स' बोलून शिकवून थांबू नका, लिहून दाखवा. ज्या चार अक्षरांनी इंग्रजीत 'वन्स' लिहितात, तीच चार अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' म्हणून वाचतात, आणि ओन्से म्हणजे अकरा. औषधाच्या बाटलीवर दिवसातून एकदा असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा दिवसातून अकरा असं वाचू शकतो. ही माझी कल्पना नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या औषध दुकानांत स्पॅनिश लेबलं कितपत बरोबर निघतात याचा एक अभ्यास 2010 साली बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला होता. संगणकाने भाषांतर केलेल्या लेबलांत चुकांचं प्रमाण फार मोठं निघालं, आणि अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या स्पॅनिश लेबलवर राहून गेलेला हा 'वन्स' त्यातला सर्वांत धोक्याचा. तुमच्या वर्गात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणारी माणसं नक्की असतील. बाकीचं पुढच्या महिन्यात शिकवलं तरी चालेल, हे आधी घ्या.

मग 'ओरा'. इथे 'अवर' हा शब्द गळ्यात पडतो. 'के ओरा एस'चं 'व्हॉट अवर इज इट' होतं, 'ओरा दे दोर्मीर'चं 'अवर ऑफ स्लीप' होतं. मी एवढंच सांगते: साठ मिनिटांची लांबी मोजत असाल तर 'अवर', घड्याळाकडे बघून उत्तर मिळत असेल तर 'टाइम'. 'हाऊ मेनी अवर्स डू यू वर्क' आणि 'व्हॉट टाइम डू यू स्टार्ट' ही जोडी पुरेशी आहे, कामावरची असल्यामुळे लक्षातही राहते.

'आय हॅव मच टाइम इन न्यू जर्सी' हे लॅटिन अमेरिकेतलं 'तेंगो मूचो तिएम्पो एन...' जसंच्या तसं उचललेलं आहे. याला 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर अ लाँग टाइम' हवं. गंमत म्हणजे आपण विचारतो 'किती वेळ', तेही विचारतात 'कुआंतो तिएम्पो', म्हणजे दोघेही वेळ मापात मोजतो. इंग्रज मात्र 'हाऊ लाँग' म्हणून लांबी विचारतो. विद्यार्थ्यांनी 'हाऊ मच टाइम' म्हटलं तर तोडू नका, समोरच्याला कळतं. दुरुस्ती 'आय हॅव मच टाइम'ची करा, कारण ते ऐकून समोरच्याला वाटेल की हा माणूस रिकामा आहे, आणि कामाच्या शोधात असलेल्याचं त्यात नुकसान आहे.

एडिसनवाली

प्रोफेसोरा ताई, किती मनापासून लिहिलंत! काल वर्ग होता. 'टाइम' लिहिलाच नाही, 'ओत्रा वेस'पासून सुरुवात केली. खुर्च्या पाठीला पाठ लावून 'कॅन यू से दॅट अगेन'चा सराव घेतला. आजी सुरुवातीला पुटपुटत होत्या, शेवटी त्यांनी मला दरडावल्यासारखं म्हणून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

'वन्स' लिहिल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. एका बाईंनी पर्समधून गोळ्यांची बाटली काढून लेबल पुन्हा वाचलं. ते पूर्ण स्पॅनिशमध्ये होतं आणि बरोबर होतं, तेव्हा जीव भांड्यात पडला. पुढच्या वर्गाला सगळ्यांना आपापल्या बाटल्यांचे फोटो आणायला सांगितलेत.

आता नवा प्रश्न. घरांची छपरं बसवणारा एक ग्वातेमालाचा मुलगा आहे. त्याचा मुकादम एकदा म्हणाला 'बी हिअर ऑन टाइम', आणि त्याच दिवशी काम संपताच पाऊस आला तेव्हा म्हणाला 'वी फिनिश्ड जस्ट इन टाइम'. मुलगा म्हणतो, स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'आ तिएम्पो', मग इंग्रजीत शब्द बदलला का? आणि पाऊस म्हणजे पुन्हा 'तिएम्पो' आलाच. त्या हवेच्या 'टाइम'चं काय करायचं?

ग्वादालाहारा_मुक्कामी

प्रोफेसोरा उत्तर देतीलच, तोवर कामावरच्या शब्दांची थोडी भर घालतो. मी मेक्सिकोत ग्वादालाहाराला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. इथे 'मेदिओ तिएम्पो' म्हटलं की फुटबॉलच्या सामन्यातली मधली सुट्टीही होते आणि अर्ध्या दिवसाची नोकरीही. इंग्रजीत पहिलं 'हाफ टाइम', दुसरं 'पार्ट टाइम'. आमच्याकडचा एक मुलगा अमेरिकेतल्या ग्राहकाच्या मुलाखतीत 'आय वर्क्ड हाफ टाइम' म्हणाला आणि बराच वेळ कोणाला काही कळेना. नोकरीच्या अर्जात हा शब्द असतोच, तेव्हा तुमच्या वर्गात जरूर घ्या. स्पेनमध्ये याच नोकरीला 'मेदिआ होर्नादा' म्हणतात, पण तुमच्याकडची माणसं बघता मेक्सिकोचा शब्द जास्त ऐकू येईल.

'ओव्हरटाइम'ला इथे 'तिएम्पो एक्स्त्रा' किंवा 'ओरास एक्स्त्रास'. विद्यार्थी त्याचं 'एक्स्ट्रा टाइम' करतात. फुटबॉलमध्ये ते बरोबर, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र 'ओव्हरटाइम'च शोधायला सांगा. जादा कामाचा दर तिथेच लिहिलेला असतो, आणि तो नीट वाचता येणं हा त्यांचा हक्क आहे.

अजून एक, 'पेर्देर एल तिएम्पो'. 'पेर्देर' म्हणजे हरवणं, वाया घालवणं, गाडी चुकणं, सगळंच. त्यामुळे 'डोन्ट वेस्ट युअर टाइम'च्या जागी 'डोन्ट लूज युअर टाइम' होतं. समजतं, पण 'वेस्ट' शिकवलेलं बरं.

प्रोफेसोरा

ग्वादालाहाराकर, पगाराच्या चिठ्ठीचं फार छान सुचवलंत.

ताई, 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' म्हणजे आपलं 'वेळेवर' आणि 'वेळेत'. प्रत्ययसुद्धा तेच, एकीकडे 'वर' आणि दुसरीकडे 'त'. त्यामुळे तुमचा स्वतःचा गोंधळ कधीच होणार नाही. पण त्या मुलाला मराठी येत नाही, तेव्हा त्याच्या भाषेतली खुंटी हवी. 'ऑन टाइम' म्हणजे 'पुंतुआल', ठरलेल्या मिनिटाला. 'इन टाइम' म्हणजे 'आंतेस दे के सेआ तार्दे', उशीर होऊन बसण्याआधी. पर्थ अँबॉयला न्यू जर्सी ट्रान्झिटचं स्टेशन आहेच. फलकावर गाडी 'ऑन टाइम' लिहिलेली असते, आणि आपण जिना उतरून दार बंद व्हायच्या आत चढलो तर आपण 'इन टाइम'. त्याच्याच छपराचं घ्या. कामावर सात वाजता यायचं ठरलं होतं, तो सातला आला, 'ऑन टाइम'. पाऊस किती वाजता येणार हे कोणी ठरवलं नव्हतं, पण तो यायच्या आत काम उरकलं, 'इन टाइम'. वेळ आधी ठरलेली होती का, एवढंच विचारायला शिकवा.

हवेच्या 'तिएम्पो'वर सोपा उपाय आहे. लॅटिन अमेरिकेत रोजच्या हवेलाही पुष्कळ लोक 'क्लीमा' म्हणतात. विद्यार्थ्यांना सांगा, आभाळाबद्दल बोलताना मनात आधी 'क्लीमा' म्हणायचं आणि मगच इंग्रजीकडे वळायचं. 'क्लीमा'वरून 'टाइम' तोंडात येत नाही. फार तर 'क्लायमेट' येईल, त्याच्या जागी 'वेदर' बसवून घ्या. स्पॅनिशमध्ये 'आसे बुएन तिएम्पो' म्हणजे हवा छान आहे आणि 'आसे मूचो तिएम्पो' म्हणजे फार पूर्वी. एका विशेषणाने आभाळाचं भूतकाळात रूपांतर होतं. ज्यांना हे सहज जमतं त्यांना 'वेदर' काय जड आहे!

चाकणचा_फिटर

वाचतोय कधीपासून, राहवलं नाही. आमच्या कारखान्यात एका मशीनची पुस्तिका स्पॅनिशमध्ये आली होती. फोनवरच्या भाषांतराने 'चार वेळांचं इंजिन' असं काहीतरी दिलं. आकृती बघितल्यावर कळलं, तो 'मोतोर दे कुआत्रो तिएम्पोस' म्हणजे आपलं फोर स्ट्रोक इंजिन. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट, हे चार तिएम्पो. ताई, तुमच्या वर्गात कोणी गाड्या दुरुस्त करणारा असेल तर त्याला 'फोर टाइम' नाही, 'फोर स्ट्रोक' हे सांगून ठेवा. पार्ट मागवताना दुकानदाराला कळणार नाही.

प्रोफेसोरा

फिटर दादा, वा! याच जातीचा आणखी एक आहे, तो वर्गातच भेटतो. क्रियापदाच्या काळालाही स्पॅनिशमध्ये 'तिएम्पो' म्हणतात, जसं आपण वर्तमानकाळ, भूतकाळ म्हणताना 'काळ'च वापरतो. इंग्रजीत तिथे 'टेन्स' लागतो. त्यामुळे एखादा विद्यार्थी 'टीचर, व्हॉट टाइम इज धिस व्हर्ब?' असं विचारेल. त्याला घड्याळ दाखवू नका, तो व्याकरण विचारतोय.

कोथरूड_डेपो

तक्त्याचा माझा हट्ट मागे. एक शंका आहे. 'टाइम' आणि भरती-ओहोटीचा 'टाइड' यांचा काही संबंध आहे का? जर्मन 'त्साइट'मुळे डोक्यात आलं.

प्रोफेसोरा

आहे. 'टाइड'चा जुना अर्थ वेळ असाच होता, आणि 'त्साइट' त्याचाच भाऊ. 'टाइम'ही त्याच घराण्यातला. आणि आपल्या 'वेळ'चं मूळ असलेल्या संस्कृत 'वेला'चे अर्थ काढून बघा: वेळ, समुद्रकिनारा आणि भरतीसुद्धा. शब्दांची कुळं वेगळी, तरी दोन्हीकडे समुद्र आणि वेळ एकत्र नांदताहेत. पण हे ताईंच्या वर्गासाठी नाही, तुमच्यासाठी.

ताई, बाटल्यांचे फोटो आले की एक करा. प्रत्येकाकडून 'वन्स अ डे', 'ट्वाइस अ डे', 'थ्री टाइम्स अ डे' मोठ्याने वाचून घ्या आणि समोर आकडा लिहायला लावा: 1, 2, 3. आकडा चुकला तर तिथल्या तिथे थांबा. आणि इंग्रजी-स्पॅनिश मिसळलेलं लेबल कोणाकडे सापडलं तर त्याला औषधाच्या दुकानात परत पाठवून पूर्ण स्पॅनिश लेबल मागायला सांगा. एकटं जायला घाबरत असतील तर सोबत कोणीतरी जा.

एडिसनवाली

तीन जणांच्या फोटोंत मिश्र लेबलं निघाली. शनिवारी सकाळी आम्ही चौघं दुकानात जातोय. आजी म्हणाल्या, काउंटरवर त्या बोलणार.